सहा हजार चारशे गुरुवार

सोनघळ धरणाच्या पूर-अंदाज उपविभागात संगणकाने काढलेले चारशे गुरुवार मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मागच्या दाराने आत आले आणि हजेरीपटावर सही करायला रांगेत उभे राहिले.

पावसाळ्यात ते दर आठवड्याला येत. उज्ज्वला मगदूम या उपविभागात संख्याशास्त्र सहायक होती आणि गुरुवार काढणं हे तिचं काम होतं. धरणात पाणी किती, घाटावर पाऊस किती, दरवाजे किती उघडे, हे ती संगणकाला सांगायची. पुढे पाणी कसं वाढत जाईल याचा कल संगणक काढायचा. पण पाऊस काही कुणाच्या कलाने पडत नाही, म्हणून त्या कलात तो पावलोपावली नशिबाचा एकेक धक्का घालायचा. प्रत्येकाच्या वाट्याला धक्के निराळे यायचे, म्हणून प्रत्येक गुरुवार निराळा निघायचा. तयार झाले की ते जनरेटरच्या खोलीच्या दाराने बाहेर यायचे.

दिसायला ते चारचौघांसारखे होते. राखाडी सदरे, मध्यम उंची, बोलणं अदबशीर. चाल तेवढी वेगळी होती. आधी एक पाऊल सरळ, मग डावीकडे नाहीतर उजवीकडे एक झोक. नव्या माणसाला वाटायचं, सकाळी सकाळीच घेऊन आलेत. शिपाई मुबारक मुल्लाणी यांना निवृत्तीला सात महिने उरले होते आणि त्यांनी व्हरांड्यातल्या कुंड्या केव्हाच भिंतीला लावून ठेवल्या होत्या.

प्रत्येक गुरुवाराच्या अंगावर ओली रेघ असायची. येत्या गुरुवारी पाणथडीच्या चौकात तो उभा राहिला असता तर पाणी त्याला कुठवर लागलं असतं, ती ही रेघ. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या गुडघ्याला, बऱ्याच जणांच्या कमरेला. पाणथडी हे धरणाखालचं गाव, दोनशेबारा घरांचं. रेघ गळ्यापर्यंत गेली म्हणजे तिथल्या घरांत माणूस उरायला नको. नियम असा होता की शंभरात एक किंवा त्याहून जास्त गुरुवारांची रेघ गळ्याला असेल तर गाव हलवायचं, नाहीतर नाही.

मुबारकभाई टेप घेऊन रांगेतून फिरले. उज्ज्वला मागोमाग लिहीत गेली.

"गळा किती झाले, बाई?"

"तीन."

"चारशेत चार लागतात. म्हणजे बसलं नियमात," मुबारकभाई म्हणाले आणि त्यांनी टेप गुंडाळला.

उज्ज्वलाने पेन खाली ठेवलं नाही. चारशेत तीन हे खरं, पण दुसरे चारशे आले असते तर त्यांच्यात कदाचित एक निघाला असता, कदाचित पाच. तीन, दोन इकडे की दोन तिकडे. तीन आणि चार यांच्यामध्ये दोनशेबारा घरं उभी होती. नऊ वर्षांच्या नोकरीत आकडा इतका काठावर कधी आला नव्हता. ती उठली आणि साहेबांच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेली.

उपविभागीय अभियंता शेडबाळे फायलीवर वाकले होते. माणूस कष्टाळू, पण ताकही फुंकून पिणारा. गेल्या वर्षी त्यांनी पाणथडी हलवली होती. पाणी आलं ते घोट्याएवढं. गाव तीन दिवस शाळेत कोंडून राहिलं, दोन म्हशी कुठल्या कुठे निघून गेल्या आणि साहेबांना वरून खुलासा मागवण्यात आला. तो खुलासा अजून टेबलाच्या काचेखाली होता.

"साहेब, मला आणखी गुरुवार लागतील."

"चारशेची मंजुरी आहे, मगदूम."

"चारशेत चूक मोठी राहते. सोळाशे आले तर निम्मी होईल."

साहेबांनी चष्मा काढला. "चौपट माणसं आणायची आणि चूक निम्मीच?"

"हो साहेब."

"आणि दुप्पट आणली तर?"

"तर दहाची सात होईल. निम्मीसुद्धा नाही."

"हा कुठला हिशोब?"

"वर्गमुळाचा, साहेब. त्यापुढे कुणाचं चालत नाही."

शेडबाळ्यांनी सकाळचं मागणीपत्र काढलं, चारशे गुरुवारांच्या ओळीखाली आणखी तीन ओळींत तेच लिहिलं आणि सही केली. मंजुरी चारशेचीच होती, पण ती एका दिवसात चार वेळा वापरू नये असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

दीड तासात बाराशे नवे गुरुवार आले. व्हरांडा भरला, मग जिना, मग सायकल स्टँड. उज्ज्वलाच्या अंगात उत्साह मावत नव्हता. ती बाकावर उभी राहून क्रमांक पुकारत होती. रेघ मोजून झाल्यावर मुबारकभाई तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्या गड्याच्या कानामागं तीळ हाय."

"असू दे की."

"मघाशी पण होता. सकाळी पण होता. चौघं हायेत तिळाचे."

उज्ज्वलाने मागणीपत्र मागवलं. संगणकाला सुरुवातीला एक बीज द्यावं लागतं, एक आकडा, आणि त्या आकड्यातून सगळे धक्के उगवतात. पहिल्या ओळीत बीज क्रमांक होता. पुढच्या तिन्ही ओळींत साहेबांनी लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'.

तेच चारशे तीन वेळा परत आले होते. हजेरीपटावर त्यांनी सही केली ती आपापल्या जुन्या ओळीवरच, त्यामुळे पटावर सह्या चारशेच्या वर गेल्या नव्हत्या. उज्ज्वलाने समजावून सांगितल्यावर चौघे चौघे एकमेकांकडे बघून ओशाळले, एकमेकांत मिसळले आणि पुन्हा चारशे झाले.

"म्हणजे एकाच साक्षीदाराला चारदा उभा केला मी," शेडबाळे म्हणाले. त्यांनी स्वतः खोडून तीन वेगवेगळी बीजं लिहिली. एक बायकोच्या वाढदिवसाचं, एक स्कूटरच्या नंबरचं आणि एक असंच, मनाने.

या वेळी नाकं निराळी आली. दुपारी साडेतीनला सोळाशेची मोजणी संपली. गळ्याला रेघ असलेले चौदा.

"सोळा लागतात," शेडबाळे म्हणाले.

"चौदा, चार इकडे की चार तिकडे. अजून काठावरच आहे, साहेब."

"मग आता?"

"सहा हजार चारशे."

साहेबांच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीचा खुलासा दिसला. पण दुसरंही काहीतरी दिसलं. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात माणूस रेडिओला कान लावतो तसे ते पुढे झुकले होते. "बसवणार कुठं त्यांना?"

"जनावरांच्या बाजाराचं मैदान मोकळं आहे."

त्यांनी बीजांच्या रकान्यात बारा आकडे लिहिले, एकेक वेगळा आहे ना ते दोनदा तपासलं आणि उज्ज्वलाने संगणक सुरू ठेवून कार्यालय बंद केलं.

बुधवारी सकाळी मैदानावर आणखी चार हजार आठशे गुरुवार होते. म्हशी बांधायच्या खुंटांमधून ते एक पाऊल सरळ आणि एक झोक असे हिंडत होते, एकमेकांवर आदळत होते, माफ करा म्हणत होते. उज्ज्वला, मुबारकभाई आणि अख्खा उपविभाग टेप घेऊन आत शिरला. साडेनऊला आकडा आला तेव्हा उज्ज्वलाला घाम फुटला होता.

"एकसष्ट!"

"आणि हवेत चौसष्ट," शेडबाळे म्हणाले. ते कागदावर भराभर गुणाकार करत होते. "शंभरात एकाच्या आत. पण जेमतेम. अजून चौपट म्हणजे पंचवीस हजार सहाशे..."

"तेवढ्यांना चोवीस तास लागतील."

"म्हणजे गुरुवारच उजाडेल."

त्याच वेळी मैदानाच्या फाटकाशी गलका झाला. पाणथडीच्या सरपंच हिराबाई बंडगर आल्या होत्या. अंगाने बारीक, आवाज मोठा, डोक्यावरचा पदर कानामागे खोवलेला. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेसाठी त्या सहा वर्षं एका शीतकरण टाकीच्या मागे लागल्या होत्या आणि ती टाकी गुरुवारी येणार होती.

"मगदूमबाई, एकच सांगा. येणार का न्हाई?"

"टाकी?"

"पानी!"

"सरपंच, शंभरात एकाच्या जरा आत आहे. म्हणजे कागदाप्रमाणे हलवायचं कारण नाही."

"मग तुमचं तोंड असं का झालंय?"

उत्तराची वाट न बघता हिराबाई सरळ गुरुवारांच्या गर्दीत घुसल्या. बाजारात म्हैस पारखावी तशा त्या एकेकाला निरखत चालल्या. कुणाचे दात बघितले, कुणाची बाही दुमडून बघितली. पाचसहा ओळींनंतर त्या एका गुरुवाराजवळ थांबल्या. क्रमांक पाच हजार एकशेबारा. रेघ कमरेला.

"हिकडं या, बाई. ह्याच्या कानात बोट घाला."

"का?"

"घाला तर खरं."

उज्ज्वलाने कचरत त्याच्या कानात बोट घातलं. बोटाला गाळ लागला. काळा, बारीक, नदीचा.

"कंबरंएवढ्या पान्यात उभा ऱ्हायलेल्या मानसाच्या कानात गाळ कसा जाईल?" हिराबाई म्हणाल्या. "चार पूर बघितलेत म्या. कानात गाळ म्हंजे पानी डोक्यावरनं गेलंय."

उज्ज्वलाने गुरुवाराकडे बघितलं. तो संकोचला.

"तुमच्यात दुपारी बारा वाजता पाणी किती होतं?"

"कमरेला."

"आणि संध्याकाळी सहाला?"

"कमरेलाच, मॅडम."

"मधे? तीन वाजता? चार वाजता?"

"मधे मी नव्हतो."

"कुठे गेला होतात?"

"कुठे नाही. नव्हतोच." त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. "आम्ही सहा तासांनी एकदा असतो. सकाळी सहाला, बाराला, संध्याकाळी सहाला. आमचं पाऊलच तेवढं आहे. मधलं पाणी आमच्या वाट्याला येत नाही. कानात काही गेलं असेल तर ते आमच्या माघारी गेलं असेल."

उज्ज्वला गुरुवारांच्या ओळीतून पळत सुटली. कान बघ, कान बघ, कान बघ. शंभर जणांमागे तीनचार कानांत गाळ होता आणि त्यांच्या रेघा कमरेला नाहीतर छातीला होत्या. मुबारकभाई तिच्यामागे धावत होते आणि धापा टाकत होते.

"साहेब!" ती लांबूनच ओरडली. "चौपट करून उपयोग नाही! सगळेच्या सगळे एकाच वेळी डोळे मिटतात!"

शेडबाळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "उपाय?"

"पाऊल छोटं करायचं. अर्ध्या तासाचं. एकेक गुरुवार बारापट पावलं टाकेल, म्हणून संगणकाला बारापट वेळ लागेल. आता अकरा वाजत आलेत. पाचपर्यंत एकतर असे लांब ढांगांचे अठ्ठेचाळीसशे निघतील, नाहीतर छोट्या पावलांचे चारशे."

"चारशे!" साहेबांनी हातातला कागद खाली केला. "म्हणजे परत मंगळवारच्या जागी. सहा हजार चारशेवरून चारशेवर आलो तर चूक चौपट होणार. वर्गमुळाचा हिशोब तुम्हीच शिकवलात मला."

"होणार, साहेब. पण ती चूक किती, ते मला लिहून देता येतं. ही दुसरी चूक किती, ते आपल्याला कुणीच सांगत नाही. साठ हजार आणले तरी नाही सांगणार."

हिराबाई दोघांकडे आलटून पालटून बघत होत्या. "मला वर्गमूळ कळत न्हाई. पन चारशे जागी मानसं एका बाजूला आनि सहा हजार झोपलेली दुसऱ्या बाजूला, तर म्या कुनाला इचारीन ते मला ठावं हाय."

मागणीपत्रावर सगळ्यात खाली एक रकाना होता: 'नमुन्याचे पाऊल'. उपविभाग स्थापन झाल्यापासून तो कोणी भरला नव्हता. शेडबाळ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अर्धा तास'.

त्यानंतरचे सहा तास उज्ज्वलाला कसेबसे काढावे लागले. तिला बसवेना. ती जनरेटरच्या खोलीपाशी जाऊन दाराला कान लावायची आणि परत यायची. आत छोट्या छोट्या पावलांचा आवाज वाढत होता, पत्र्यावर तांदूळ सांडावेत तसा. मुबारकभाईंनी तिच्यासाठी तीनदा चहा आणला आणि तिन्ही कप तसेच निवून गेले. हिराबाई गावी गेल्या नाहीत. त्या पायरीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि फोनवर टाकीच्या टेम्पोवाल्याशी भांडत होत्या.

पाचला पाच मिनिटं असताना दार उघडलं.

नवे गुरुवार दमलेले होते. त्यांची चाल झोकाची नव्हती, सगळं अंग बारीक बारीक थरथरत पुढे सरकत होतं. आणि ते बोलत होते! पहिले गुरुवार विचारल्याशिवाय तोंड उघडत नसत, हे मात्र दारातूनच सुरू झाले. अडीचला पाणी पारापर्यंत, तीनला देवळाच्या पायरीपर्यंत, साडेतीनला असा काही लोंढा आला की विचारू नका, साडेचारला उतरलं. सगळ्यांना सगळं सांगायचं होतं.

"रांगेत! रांगेत!" मुबारकभाई ओरडले.

उज्ज्वलाने मोजायला घेतलं. आकडे शेडबाळ्यांनी लिहिले. पहिल्या शंभरात सहा. दुसऱ्या शंभरात तीन. तिसऱ्यात सहा. शेवटच्या शंभरात चार.

"एकोणीस," साहेब म्हणाले.

"चार इकडे की चार तिकडे," उज्ज्वला म्हणाली. "दुप्पट धरून आठ कमी केले, तरी अकरा. हवेत फक्त चार." आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मुबारकभाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले.

शेडबाळ्यांनी सव्वापाचला आदेशावर सही केली. सही करताना त्यांनी काचेखालच्या खुलाशाकडे एकदा बघितलं आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

"आदेश झाला," हिराबाई म्हणाल्या, "पन गाव ऐकंल तवा. गेल्या साली घोट्याएवढ्या पान्यासाठी उठवलंत. आता म्या एकलीनं सांगितलं तर लोक म्हनतील सरपंचबाई साहेबाच्या तालावर नाचती. मला ती एकोणीस मानसं द्या."

उपविभागाच्या ट्रकमधून एकोणीस गुरुवार पाणथडीला गेले आणि दिवस मावळायच्या आत चौकात ओळीने उभे राहिले, गळ्याला ओल्या रेघा घेऊन. गाव जमलं. उज्ज्वलाही गेली होती. पोरांनी रेघांना हात लावून बघितला. बायकांनी एकेकाला स्वतःच्या घरासमोर उभं केलं आणि रेघ खिडकीच्या कुठे येते ते बघितलं. बिरू हाके नावाचा एक वयस्क धनगर काठीला रेलून पुढे आला.

"ही एकोणीस झाली. बाकीच्यांचं काय?"

एका गुरुवाराने खरं तेच सांगितलं. "बाकीच्या तीनशेएक्याऐंशी जणांत पाणी गळ्याला लागत नाही, बाबा."

गर्दीत कुजबुज झाली. बिरू हाके हसला. "मंजे शंभरात पाच. पंचान्नवदा उगाच उठायचं."

हिराबाई पाराच्या कट्ट्यावर चढल्या. "बिरूदादा, शंभर हिरी हायेत आनि त्यातल्या पाचांत इख हाय. कुठल्या पाचांत, ते ठावं न्हाई. नातवाला पानी कुठलं पाजशील?"

बिरू हाकेने एका गुरुवाराच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी मेंढरं काढतो. पन माझ्याकडं हाकायला मानूस न्हाई."

"माणसं आहेत," उज्ज्वला म्हणाली.

गुरुवार उजाडला तेव्हा बाजाराच्या मैदानावरून सहा हजार चारशे गुरुवार पाणथडीत आले होते आणि छोट्या पावलांचे चारशे त्यांच्या पुढे होते. दोनशेबारा घरं कधी रिकामी झाली हे गावाला कळलंसुद्धा नाही. एकाच्या डोक्यावर जातं, दोघांच्यात पलंग, चौघांत कडबा. चाल झोकाची असल्यामुळे मडकी फुटली बरीच, पण कुणी रागावलं नाही. टाकीचा टेम्पो साडेआठला आला आणि गावात कुणी नाही म्हणून परत फिरणार, इतक्यात तीनशे गुरुवारांनी टाकी उचलली आणि माळावर नेऊन ठेवली. बिरू हाकेची मेंढरं त्यांच्यामागून बिनबोभाट गेली. मेंढरांना ती चाल आवडली असावी.

अकरा वाजता सगळे माळावर होते. खाली नदी लालसर आणि जाड दिसत होती. चौकातल्या खांबावर रंगवलेल्या खुणा होत्या आणि शेडबाळे दुर्बीण लावून दर अर्ध्या तासाला आकडा वाचत होते.

"अकरा. गुडघ्याच्या वर चार बोटं."

छोट्या पावलांच्या चारशे गुरुवारांत एकदम जल्लोष झाला. "माझ्यात पण! माझ्यात पण इतकंच!" दोनेकशे हात वर झाले. ज्यांच्यात अकराला वेगळं होतं ते हिरमुसून खाली बसले.

"साडेअकरा. मांडी."

आणखी साठसत्तर बसले. उरलेले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. गावकऱ्यांनाही आता चेव चढला. ज्याने त्याने आपापला गुरुवार धरला. पोरं क्रमांक घेऊन ओरडायला लागली. बारा वाजता कंबर आली तेव्हा चाळीस उभे होते, दीडला अकरा, अडीचला चार. नऊ वर्षं उज्ज्वला या लोकांना मोजत आली होती आणि आज पहिल्यांदा ते तिच्या डोळ्यांसमोर खऱ्या पाण्याबरोबर धावत होते.

"तीन. छाती!"

एकटा क्रमांक तीनशेअडतीस उभा राहिला. त्याच्या गळ्याला रेघ होती. सगळा माळ त्याच्याकडे बघत होता.

"पुढे काय?" उज्ज्वलाने विचारलं. "साडेतीनला?"

"माझ्यात साडेतीनला छातीच होती, मॅडम. चारला गळा."

पण तीन वाजून वीस मिनिटांनी डोंगराच्या कुशीतून एक आवाज आला, गडगडला आणि नदी उभी राहिली. पार दिसेनासा झाला. खिडक्या गेल्या. एका घराचे पत्रे उचलले गेले आणि पत्त्यांसारखे वाहत निघाले. साडेतीनला शेडबाळ्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"गळ्याच्या वर," ते म्हणाले. "खूण संपली."

तीनशेअडतीस खाली बसला. आता कुणीच उभं नव्हतं. सहा हजार आठशे गुरुवारांतला एकही या गुरुवारासारखा नव्हता आणि ते सगळे तोंडाचा आ करून त्याच्याकडे बघत होते. माळावर जनावर धरून एकूण एक जीव होता. हिराबाईंनी तीनदा मोजणी केली आणि तिन्ही वेळा आकडा जुळला. बिरू हाके तीनशेअडतीसशेजारी जाऊन बसला आणि त्याने आपली तंबाखूची चंची त्याच्यापुढे धरली.

पाचला पाणी छातीला आलं. साडेपाचला कमरेला.

सहाला दहा मिनिटं असताना उज्ज्वलाच्या लक्षात आलं की माळ गप्प झालाय. गुरुवार उठून उभे राहिले होते, सगळेच. कुणी झोकत नव्हतं, कुणी थरथरत नव्हतं.

"काय झालं?" तिने तीनशेअडतीसला विचारलं.

"आमचं गणित सहापर्यंतच आहे, मॅडम. पुढचं पाऊल दिलेलं नाही."

तिने हा आकडा स्वतःच्या हाताने भरला होता. शेवट: गुरुवार, सायंकाळी सहा. दर आठवड्याला भरायची, आणि मोजून झाल्यावर गुरुवार कुठे जातात हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने शेडबाळ्यांकडे बघितलं. त्यांच्याकडे यासाठी रकाना नव्हता. मुबारकभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

सहा वाजले. शेडबाळ्यांनी आकडा वाचला, "कंबर," आणि तो लिहिला. कुणी हललं नाही. घड्याळाचा मिनिटकाटा पुढे गेला. एक गेलं. दोन गेली. सहा हजार आठशे जण जिथल्या तिथे होते.

"सहा वाजून दोन मिनिटं झाली," तीनशेअडतीस दबक्या आवाजात म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "मॅडम, सहा वाजून दोन मिनिटं झाली! मी आहे!"

माळभर एकच गलका उठला. कुणी शेजाऱ्याला चिमटे काढत होतं, कुणी स्वतःला. सहा तासांच्या ढांगेवाले तर वेडे झाले होते. त्यांना दोन मिनिटं म्हणजे काय तेच पहिल्यांदा कळत होतं.

"पण आता काय करायचं?" तीनशेअडतीसने विचारलं.

हिराबाईंनी पदर खोचला. मागे म्हशी ओरडायला लागल्या होत्या. त्यांची वेळ टळून गेली होती.

"आता धारा काढायच्या," त्या म्हणाल्या. "बादल्या तिकडं हायेत. हात धुवून या."

सहा वाजून चार मिनिटांनी पहिल्या गुरुवाराने बादली उचलली.